केबल काढून टीव्ही नेटवर: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

जुळे सोलापूरच्या फ्लॅटमधून असो की साखर पेठेतल्या जुन्या घरातून, फिरून फिरून हेच प्रश्न येत राहतात. म्हणून ते एका जागी आणले आहेत. आधी अगदी प्राथमिक, मग अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. किमती हे लिहिताना होत्या तशा आहेत, पैसे भरण्याआधी ताज्या विचारून घ्या.

१. केबल बंद केल्यावर टीव्हीवर नक्की काय दिसतं?

वाहिन्यांचे नंबर जातात आणि त्यांच्या जागी ॲप येतात. टीव्ही लावला की जिओहॉटस्टार, झी५, सोनी लिव्ह, यूट्यूब अशा चौकटी दिसतात. त्यातली एक उघडायची, कार्यक्रम निवडायचा. मालिका ठरलेल्या वेळेची वाट न बघता कधीही लावता येते. मात्र रिमोट हातात घेऊन ‘काय लागलंय बघू’ म्हणत वाहिन्या फिरवत बसण्याची सवय असेल, तर पहिले काही दिवस चुकल्यासारखं होतं. त्या सवयीवरही उपाय आहे, तो प्रश्न ११ मध्ये.

२. आधी काय घ्यायचं? टीव्ही, नेट की ॲप?

काहीच नाही. आधी कागद आणि पेन घ्या. आठवडाभर घरात कोण काय बघतं ते लिहून काढा: कार्यक्रमाचं नाव आणि शेजारी वाहिनी. केबलच्या पॅकमध्ये दोनशे-तीनशे वाहिन्या असल्या तरी यादीत बहुधा आठ-दहाच भरतात. त्या कोणत्या ॲपवर आहेत ते शोधायचं (प्रश्न ९ आणि १०). मग त्यांना पुरेल असं नेट घ्यायचं (प्रश्न ६). टीव्हीचा विचार सगळ्यात शेवटी.

लोक बरोबर उलटं करतात. दिवाळीच्या ऑफरमध्ये पंचावन्न इंची टीव्ही घरी येतो, नेट मात्र जुनंच राहतं आणि चित्र अडकतं. मग दोष टीव्हीला दिला जातो. माझं मत ठाम आहे: बहुतेक घरांना नवा टीव्ही लागत नाही.

३. आमचा टीव्ही साधा आहे, स्मार्ट नाही. तो फेकायचा का?

मुळीच नाही. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला एचडीएमआय लिहिलेली चपटी खाच आहे का ते बघा. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक एलईडी टीव्हीला ती असते. त्या खाचेत स्टिक, म्हणजे ॲप चालवणारं पेनड्राइव्हसारखं छोटं उपकरण, लावली की साधा टीव्ही स्मार्ट होतो. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक किंवा शाओमीची टीव्ही स्टिक यांपैकी एक घेतलीत तरी काम होतं. साधारण तीन ते पाच हजारांत मिळते. गूगलने क्रोमकास्ट बनवणं २०२४ मध्ये थांबवलं आहे. दुकानात जुना साठा दिसला तरी आता तो घेऊ नका.

स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबी खाचेतून देऊ नका. दिसायला सोयीचं दिसतं, पण बऱ्याच टीव्हींची ती खाच पुरेशी वीज देत नाही. मग ऐन रंगात आलेल्या सिनेमात स्टिक बंद होऊन पुन्हा सुरू होते. सोबत आलेला ॲडॉप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावा, तक्रार तिथेच संपते.

टीव्ही डब्याचा, म्हणजे पिक्चर ट्यूबचा असेल आणि मागे फक्त पिवळी-लाल-पांढरी पिन असेल, तर एचडीएमआयचं एव्हीत रूपांतर करणारी छोटी डबी मिळते. ती यूट्यूबसाठी ठीक चालते. पण पैसे भरून घ्यायची ॲप कॉपी होऊ नये म्हणून जी सुरक्षा तपासणी करतात, ती अशा डबीवर अडू शकते आणि पडदा काळा राहतो. अक्षरंही पुसट दिसतात. असा टीव्ही असेल तरच नव्याचा विचार करा.

४. बाजारात हजार-दीड हजारात अँड्रॉइड बॉक्स मिळतो, ‘सगळं फुकट’ म्हणतात. घेऊ का?

नको. नेटफ्लिक्स, प्राइमसारख्या कंपन्या आपल्या मान्यताप्राप्त उपकरणांवरच चांगल्या दर्जाचं चित्र देतात. या बॉक्सवर ॲप एकतर चढतच नाही, किंवा चढलं तरी चित्र धूसर येतं. ‘फुकट’ म्हणून जे दाखवतात ती चोरीची प्रक्षेपणं असतात, ऐन सामन्यात बंद पडतात. शिवाय अशा अनेक स्वस्त बॉक्समध्ये घातक सॉफ्टवेअर कारखान्यातूनच भरून आलेलं सापडलं आहे. अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये याबद्दल जाहीर इशाराही दिला. ज्या वायफायवर तुमचं यूपीआय चालतं, त्याच वायफायवर असली वस्तू जोडू नये.

५. नवा टीव्ही घ्यायचाच आहे. किती इंची, आणि ४के हवाच का?

टेप घ्या आणि बसायच्या जागेपासून भिंतीपर्यंत मोजा. चार-पाच फूट असेल तर ३२ इंच, सहाच्या आसपास ४३, सात-आठ फुटांना ५५. पेठांमधल्या बऱ्याच घरांत बाहेरची खोली दहा बाय दहाची असते, पलंग आणि कपाट जाऊन ४३ च्या पुढे गरज उरत नाही.

४३ आणि त्याहून मोठ्यात ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा, घ्या, कारण त्या आकारात चांगले टीव्ही आता बहुतेक ४केच असतात. ३२ मध्ये एचडी रेडी आणि फुल एचडी असे दोन प्रकार दिसतील. एचडी रेडीत आडवे १३६६ ठिपके असतात, फुल एचडीत १९२०. फरक हजार-दोन हजारांचा असेल तर फुल एचडी घ्या. मराठी मालिका तशाही एचडीतच येतात, तेव्हा ४केसाठी जीव टाकण्यात अर्थ नाही.

खरं बघायचं ते आत. रॅम, म्हणजे टीव्हीची काम करतानाची मेमरी, किमान २ जीबी हवी. १ जीबीवाला टीव्ही दुकानात छान चालतो आणि घरी वर्षभरात रिमोटचं बटण दाबल्यावर विचार करत बसतो. प्रणाली गूगल टीव्ही, सॅमसंगची टायझन किंवा एलजीची वेबओएस यांपैकी असू द्या. अनोळखी नावाची असेल तर तुमच्या यादीतलं प्रत्येक ॲप दुकानातच उघडून दाखवायला सांगा. नवी पेठेतल्या दुकानात गर्दी नसते अशा दुपारी जा, म्हणजे दुकानदारही निवांत दाखवतो.

आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. त्याआधीची छापील किंमत कुणी पुढे केली तर बिलातला कराचा दर वाचा.

६. नेटचा वेग किती लागतो? ३० एमबीपीएस पुरेल का?

एका टीव्हीला भरपूर पुरेल. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या सांगण्यानुसार फुल एचडीला ५ आणि ४केला १५ एमबीपीएस लागतात. म्हणजे ३० मध्ये एक टीव्ही ४केवर, शेजारी दोघांचे मोबाइल, तरी जागा उरते. शंभरचं कनेक्शन लागतं ते घरात दोन-तीन टीव्ही, घरून काम करणारं कुणी आणि गेम खेळणारी मुलं एकाच वेळी असतील तेव्हा.

वेगाहून महत्त्वाचा आहे महिन्याचा कोटा. एचडीत तासाला सुमारे ३ जीबी जातात, ४केत ७ पर्यंत. जिओ आणि एअरटेलच्या फायबर योजनांत महिन्याला ३३०० जीबीपर्यंत पूर्ण वेग मिळतो. घरगुती वापरात तो संपणं अवघड. जिओ एअरफायबरमध्ये ही मर्यादा १००० जीबी आहे. दिवसाला पाच तास ४के लावलंत तर महिन्याला १०५० जीबी होतात, म्हणजे शेवटच्या एक-दोन दिवसांत नेट रांगायला लागेल. एचडीत बघणाऱ्यांनी याची चिंता करू नये.

७. फायबर घ्यावं, एअरफायबर, की आमच्या केबलवाल्याचंच नेट?

घरापर्यंत फायबरची वायर येत असेल तर फायबर. कंपनी कोणती, हे तुमच्या गल्लीवर ठरवा. विजापूर रोडला झकास चालणारं नेट अक्कलकोट रोडला रडतं, आणि उलटही. समोरच्या तीन घरांत विचारा, तेही संध्याकाळी आठ ते दहा कसं चालतं एवढंच विचारा. त्या वेळी सगळं शहर ऑनलाइन असतं. दुपारी बाराचा वेग बघून निर्णय घेतलात तर फसाल.

एअरफायबर म्हणजे गच्चीवर ५जीचा अँटेना. वायर न पोहोचलेल्या नव्या वसाहतींत आणि शहराबाहेरच्या वस्त्यांवर तो चांगला पर्याय आहे. अँटेना बसवण्याआधी त्याच गच्चीवर त्याच कंपनीच्या ५जी फोनने वेग मोजून घ्या.

स्थानिक केबलवाल्याच्या नेटला नाक मुरडू नका. तक्रार केली की माणूस तासाभरात शिडी घेऊन दारात येतो, हे मोठ्या कंपनीकडे क्वचितच घडतं. फक्त एक विचारा: खांबावरच्या डब्यात वीज लागणारं स्विच आहे का? असेल तर गल्लीची लाइट गेली की नेटही जाईल, तुमच्या घरी बॅटरी असली तरी.

८. वेगळं नेट न घेता फोनच्या हॉटस्पॉटवर चालवलं तर?

दिवसाला दीड-दोन जीबीच्या योजनेवर एचडीचा एक तासही पुरा होत नाही. अमर्याद ५जीवर चालतं, पण ज्याचा फोन तो बाहेर गेला की घरचा टीव्ही बंद. शिकायला आलेल्या, खोली करून राहणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याला ठीक आहे. कुटुंबाला नाही.

९. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी, सोनी मराठी कुठे मिळतात?

स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी, दोन्ही जिओहॉटस्टारवर. पूर्वी यांची ॲप वेगळी होती. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एक झाले, त्यामुळे एकाच पैशात दोन्ही येतात. झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनी लिव्हवर, सन मराठी सन नेक्स्टवर.

चारही घेण्याची घाई करू नका. प्रश्न २ मधली यादी समोर ठेवा. घरात बहुतेक वेळा दोन ॲपवर भागतं. तिसऱ्या ॲपवरची एखादीच वेबमालिका बघायची असेल तर ते महिनाभरासाठी घ्या आणि बंद करा.

१०. आमच्याकडे आजीला तेलुगू लागतं, आई कन्नड बघते. दोन-दोन पॅक घ्यायचे का?

इथे सोलापूरकरांचा मोठा फायदा आहे. पूर्व भागातली तेलुगू घरं आणि सीमेकडची कन्नड घरं केबलवर दुसऱ्या भाषेच्या पॅकसाठी वेगळे पैसे मोजत आली. ॲपमध्ये भाषेला वेगळे पैसे पडत नाहीत. ज्या जिओहॉटस्टारवर स्टार प्रवाह दिसतं, त्यावरच तेलुगू स्टार मा आणि कन्नडचं स्टार सुवर्णा, कलर्स कन्नड यांचे कार्यक्रम असतात. झी५ वर झी तेलुगू आणि झी कन्नड. जेमिनी आणि उदया या दोन्ही सन समूहाच्या, म्हणून सन नेक्स्टवर. ईटीव्ही तेलुगूसाठी मात्र ईटीव्ही विन हे वेगळं ॲप लागतं. फक्त एक बघा: झी५ सारखी काही ॲप एकाच भाषेची स्वस्त योजनाही विकतात. तुमच्या घरात दोन भाषा लागत असतील तर ती घेऊ नका.

प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं करा. ॲपच्या सेटिंगमध्ये आवडत्या भाषा निवडायची सोय असते; आजीच्या प्रोफाइलला तेलुगू पहिली, आईच्या प्रोफाइलला कन्नड पहिली. एका घरात हे करून दिलं तेव्हा आजींनी पहिल्यांदा स्वतः रिमोट मागितला, कारण पडद्यावर पहिली ओळ त्यांच्या भाषेतली होती. त्याआधी त्या नातू येईपर्यंत थांबायच्या.

११. पैसे न भरता काय काय दिसतं? फ्री डिश ठेवावी का?

ठेवावीच, विशेषतः घरात वडीलधारी मंडळी असतील तर. डीडी फ्री डिश ही प्रसार भारतीची सेवा. छत्री आणि बॉक्सचा दीड-दोन हजारांचा एकदाच खर्च, नंतर महिन्याला शून्य. सह्याद्री, बातम्या, हिंदी सिनेमे, भक्तीच्या वाहिन्या मिळतात. खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होत असल्याने त्या येतात-जातात. मोठ्या मराठी मालिकांसाठी हिच्यावर विसंबू नका. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. म्हणजे सोलापुरातून छत्रीचं तोंड आग्नेयेला, बऱ्यापैकी वर वळलेलं लागतं. त्या बाजूला शेजारची उंच इमारत किंवा नारळाचं झाड आड येत नाही ना, एवढं बघा. नेट बंद असो, ॲपची मुदत संपलेली असो, काहीतरी लागतं. वाहिन्या फिरवत बसण्याची हौसही भागते.

नेटवरही फुकटचं कमी नाही. एबीपी माझा, झी २४ तास, टीव्ही९ मराठी यांच्या बातम्या यूट्यूबवर थेट चालतात. प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या दिसतात. गड्ड्याच्या यात्रेतला अक्षता सोहळा आणि नंदीध्वजांची मिरवणूक स्थानिक वाहिन्या यूट्यूबवर थेट दाखवतात. परगावी गेलेल्या सोलापूरकरांना तर संमती कट्ट्यापर्यंत, म्हणजे अक्षता सोहळ्याच्या जागेपर्यंत, पोहोचायचा तोच रस्ता आहे. संक्रांतीच्या आधीच त्या वाहिन्या सबस्क्राइब करून ठेवा, ऐन वेळी शोधताना मागच्या वर्षीचंच प्रक्षेपण पुढे येतं.

१२. चित्र सारखं अडकतं, गोल फिरत राहतं. नेटवाला म्हणतो वेग बरोबर आहे.

बहुधा तो खरं बोलतोय. वेग राउटरपर्यंत बरोबर असतो, टीव्हीपर्यंत पोहोचत नाही. बाळीवेस, चाटी गल्ली या बाजूच्या जुन्या वाड्यांत दीड-दोन फुटी दगडी भिंती आहेत. वायफाय एका भिंतीत अर्धमेलं होतं, दुसरीत संपतं. त्यातून राउटर कुठे असतो? जिथे वायर आत आली तिथेच: जिन्याखाली, लोखंडी कपाटाच्या मागे, नाहीतर माळ्यावर भांड्यांच्या आड.

फोन टीव्हीला चिकटवून धरा आणि वेग मोजा. तिथे आकडा पडला तर दोष भिंतीचा. राउटर उघड्यावर, खांद्याच्या उंचीला आणा. राउटरची दोन नावं दिसत असतील तर जवळच्या टीव्हीला ५ गिगाहर्ट्झवालं द्या, भिंतीपलीकडच्या टीव्हीला २.४ वालं, ते हळू असलं तरी भिंतीतून जास्त झिरपतं. तरीही जमलं नाही तर राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची, म्हणजे थेट नेट नेणारी, वायर ओढा. दोन-तीनशे रुपयांची वायर महागड्या एक्स्टेंडरपेक्षा भरवशाची. स्टिकला लॅनची खाच नसते, तिचा छोटा ॲडॉप्टर वेगळा मिळतो.

टीव्हीजवळही वेग चांगला निघाला आणि फक्त एकच ॲप अडकत असेल, तर ते ॲप काढून पुन्हा टाका. सगळीच ॲप मंद असतील तर टीव्हीची रॅम कमी आहे; स्मार्ट टीव्हीलाही स्टिक लावता येते (प्रश्न ३).

१३. क्रिकेटचं काय? आयपीएल आणि भारताचे सामने दिसतील ना?

आयपीएल जिओहॉटस्टारवर दिसतं. भारताच्या सामन्यांचे हक्क मालिकेगणिक वेगवेगळ्या कंपन्यांकडे असतात, म्हणून दौरा सुरू होण्याआधी ॲप कोणतं ते बघून घ्या.

एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं की असे सामने दूरदर्शनने स्वतःच्या छत्रीवर आणि स्वतःच्या मनोऱ्यांवरून दाखवावेत, खासगी केबलवर नाही. म्हणून केबलवर डीडी स्पोर्ट्सला सामना नसतो आणि फ्री डिशवर तोच फुकट दिसतो. आयपीएल त्यात येत नाही.

आणि उशीर. नेटवरचं थेट प्रक्षेपण केबल-डिशच्या मागे असतं, अर्ध्या मिनिटाच्या आसपास, कधी त्याहून जास्त. शेजारी ओरडल्यावर तुमच्याकडे चेंडू पडतो. वेगवान नेट घेऊन हे जात नाही, कारण उशीर प्रक्षेपणाच्या पद्धतीतच आहे. शेवटच्या षटकात फोनवरच्या सूचना बंद ठेवा.

१४. रिचार्जवर हॉटस्टार मिळालंय, फोनवर चालतं. टीव्हीवर का चालत नाही?

रिचार्जसोबत येते ती सदस्यता बहुतेक वेळा फक्त मोबाइलची असते. नेटफ्लिक्सचीही १४९ रुपयांची योजना फोन आणि टॅबलेटपुरतीच आहे, तीवरून टीव्हीवर पाठवताही येत नाही. घेताना ‘टीव्ही’ हा शब्द योजनेत लिहिलेला आहे का, आणि एका वेळी किती पडद्यांवर, या दोनच ओळी वाचा. प्राइममध्ये जानेवारी २०२५ पासून पाच उपकरणांपैकी टीव्ही फक्त दोन चालतात.

ब्रॉडबँडच्या थोड्या वरच्या योजनांत टीव्हीवर चालणारी ॲप धरून येतात. जिओचं नेट असेल तर जिओटीव्ही प्लस या ॲपवर थेट वाहिन्याही दिसतात. तुमच्या योजनेत काय आहे ते कंपनीच्या ॲपमध्ये बघा, बरेच लोक मिळालेली सदस्यता सुरूच करत नाहीत आणि तीच वेगळी विकत घेतात.

१५. मुलगा पुण्याला असतो. त्याच्या नेटफ्लिक्सवर आम्ही सोलापुरात बघू शकतो का?

नियमाने नाही. जुलै २०२३ पासून भारतात नेटफ्लिक्सचं एक खातं एका घरापुरतं आहे आणि घर कोणतं ते टीव्ही ज्या नेटवर आहे त्यावरून ठरतं. काही दिवस चालतं, मग पडद्यावर सूचना येते आणि मुलाला फोन करून कोड मागत बसावं लागतं. आईवडिलांना रोजचं मनोरंजन असं कोडवर अवलंबून ठेवू नये. त्यांच्या नावाने छोटी योजना घ्या. खरं विचाराल तर घरची मंडळी नेटफ्लिक्स बघतात का हेच आधी विचारा. मराठी मालिका तिथे नसतात (प्रश्न ९).

१६. लाइट गेली तर?

घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि टीव्ही दोन्ही त्यावर घ्या. नसेल तर राउटरपुरता छोटा बॅटरीवाला यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारांत. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, पण ॲडॉप्टरवरचा आकडा वाचूनच घ्या. फायबरच्या घरात कधी कधी दोन डब्या असतात, एक फायबरची आणि एक वायफायची. दोन्हींना बॅटरी हवी. टीव्ही बंद असला तरी मग फोनवर पुढचं बघता येतं.

१७. स्टॅबिलायझर लागतो का? मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, व्होल्टेज खालीवर होतं.

टीव्हीच्या पाठीवर १००-२४० व्होल्ट असं छापलेलं असेल तर स्टॅबिलायझरची गरज नाही, टीव्ही तेवढा चढउतार स्वतः पचवतो. त्याऐवजी चांगला स्पाइक गार्ड आणि नीट अर्थिंग असलेलं सॉकेट. वळवाचा पाऊस, विजा सुरू झाल्या की टीव्ही, राउटर आणि छत्रीची वायर तिन्ही काढून ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर असताना स्टिक टीव्ही आणि भिंतीच्या फटीत गरम होऊन मंद होते. सोबतची छोटी एचडीएमआय वायर लावून तिला बाहेर मोकळी लटकू द्या.

१८. आई-बाबांना हे जमेल का?

जमतं, मांडणी तुम्ही करून दिली तर. पहिल्या पडद्यावर त्यांची दोन-तीनच ॲप ठेवा, बाकी लपवा. आवाजाने शोधायचं बटण असलेला रिमोट घ्या. मालिकेचं नाव मराठीत नीट उच्चारलं तर बहुतेक वेळा बरोबर सापडतं. त्यांच्यासमोर बसून तीनदा त्यांनाच करू द्या, तुम्ही रिमोटला हात लावू नका. जुनं केबल लगेच तोडू नका, एक महिना दोन्ही चालू ठेवा. महिन्याअखेरीस केबलचा बॉक्स धूळ खात असेल तर बंद करा. रोज लागत असेल तर फ्री डिशवर भागतं का ते बघा, नाहीतर केबल राहू द्या. ज्यांचा दिवस टीव्हीभोवती जातो त्यांची सोय मोडून पैसे वाचवण्यात काही मिळकत नाही.

नातवंडं त्याच टीव्हीवर बसत असतील तर मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन आणि मुलांसाठी यूट्यूब किड्स.

१९. पण खर्च खरंच वाचतो का?

घरात नेट आधीपासून असेल तर हो. नेट फक्त टीव्हीसाठी घेणार असाल तर बहुधा नाही. ३९९ ची ३० एमबीपीएसची योजना १८ टक्के जीएसटी धरून ४७० रुपयांच्या पुढे जाते, आणि त्यात ॲप नसतात. केबलचं बिल तीन-साडेतीनशे असेल तर महिन्याला तुम्ही जास्तच भरणार. मुलांचा अभ्यास, घरातल्या चार फोनांचे छोटे रिचार्ज असा हिशेब धरला तरच ते भरून निघतं.

ॲप वर्षाचं घेतलं तर स्वस्त पडतं, पण रोज लागणारं एकच तसं घ्या. स्वस्त योजनांत जाहिराती असतात. प्राइमवरही जून २०२५ पासून आल्या.

२०. पैसे आपोआप कापले जातात. थांबवायचं कसं?

ॲप काढून टाकल्याने वजावट थांबत नाही, हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. यूपीआयवरून घेतलं असेल तर त्याच यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडा आणि ती परवानगी रद्द करा. कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये ती यादी असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यायला हवी. तो संदेश जाहिरात समजून पुसू नका.

२१. केबल बंद करताना काय काळजी घ्यायची?

मागची बाकी भरून पावती घ्या. बॉक्स भाड्याचा असेल तर परत करताना बॉक्स, रिमोट, ॲडॉप्टर मिळाल्याचं लिहून घ्या आणि अनामत मागा. तोंडी ‘बंद केलंय’ वर थांबू नका, व्हॉट्सॲपवर तारीख टाकून संदेश पाठवा. वायर कापू देऊ नका, गुंडाळून ठेवायला सांगा. पुढे त्याच्याकडूनच नेट घ्यायची वेळ येऊ शकते, म्हणून संबंध गोडीतच ठेवा.

२२. माझं सलून आहे. घरचंच ॲप दुकानातल्या टीव्हीवर लावलं तर चालेल का?

नाही. ही ॲप घरगुती, खासगी वापरासाठीच असतात, तसं त्यांच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकांसमोर सामना लावणं हा व्यावसायिक वापर झाला. खानावळ, सलून, लॉज यांनी केबलवाल्याकडून किंवा डिश कंपनीकडून व्यावसायिक जोडणी मागावी आणि ती व्यावसायिक असल्याचं बिलावर लिहून घ्यावं. म्हणजे घर नेटवर आणि दुकान केबलवर, अशी दोन वेगळी गणितं ठेवावी लागतात.